मत्स्यटाकीतल्या झाडांची दुखणी

गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली झाडे उजेड, पाण्यात विरघळलेला कार्बन आणि क्षार यांवर जगतात. यांपैकी एक कमी पडले की पाने बिघडतात; उजेड आणि क्षार गरजेपेक्षा जास्त झाले की उरलेला वाटा शेवाळ उचलते. पान पिवळे पडले की खताची बाटली आणि काचेवर काही उगवले की औषधाची बाटली आणण्याचा शिरस्ता बहुतेक घरांत आहे. त्यातले अर्धे पैसे वाया जातात, कारण दुखणे ओळखण्याआधीच उपचार सुरू होतो. ओळखायला मात्र फारसे काही लागत नाही. बिघाड जुन्या पानावर आहे की कोवळ्या, उगवलेली गोष्ट बोटाने चोळल्यावर निघते की नाही, आणि टाकीत पाणी कुठले भरले आहे, एवढे पाहिले तरी बहुतेक उलगडा होतो.

पाण्यापासूनच सुरुवात करणे बरे. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या दाट बाजारभागात टाकी दुकानाच्या काउंटरवर असो की वरच्या माडीत, तिच्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी पडते. नळाचे पाणी मुख्यतः उजनीचे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. शहराला ते थेट जलवाहिनीने येते, शिवाय भीमेत सोडलेले पाणी टाकळीहून उचलले जाते; जोडीला हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या वाटांनी भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. त्यामुळे जलाशयात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतो, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की हिरवा तवंग दिसू लागतो. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, क्लोरीनने जंतू मरतात. पण विरघळलेला नायट्रेट यातल्या कशानेच जात नाही. पाणी पिण्यालायक होते, तरी झाडांच्या दृष्टीने त्यात थोडे खत आधीच मिसळलेले असते.

बोअरच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. सोलापूर काळ्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. त्या खडकातून झिरपलेले पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका घेऊन वर येते. ते जड असते, बादलीला पांढरी पुटे चढवते, आणि त्याचा सामू साडेसातच्या वर राहतो. अशा पाण्यात काही झाडे फोफावतात आणि काही झुरतात. दोष पाण्याचाही नाही आणि झाडाचाही नाही, निवडीचा आहे. वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांना जड पाणी मानवते, कारण मोकळा कार्बन डायऑक्साइड संपला की ती बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात. शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात काचेच्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडणारी वनस्पती ती हीच हायड्रिला. काबोंबा आणि लाल पानांच्या बहुतेक जातींना मात्र मऊ पाणी लागते. बोअरच्या पाण्यात त्या महिनाभरात विरळ होतात, आणि मग दुकानदाराला शिव्या बसतात.

बायकार्बोनेट वापरण्याची एक खूण पानावर उमटते आणि ती हमखास रोग समजली जाते. वॅलिस्नेरियाच्या लांब पट्टीवर पांढुरका, खरखरीत थर बसतो. बोटाला तो बारीक सँडपेपरसारखा लागतो आणि चोळून जात नाही. पान खुडून कोरड्या बशीत ठेवावे आणि त्यावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब सोडावा. भिंगाखाली बारीक बुडबुडे सुटताना दिसले की हा थर चुन्याचा. झाडाने कार्बन घेतला आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावरच साचले, एवढाच त्याचा अर्थ. उपचार काही नाही. नळाचे पाणी आलटून पालटून घातले तर नव्या पानांवर थर कमी बसतो.

घरात आरओ यंत्र असेल तर त्याचे शुद्ध पाणी बोअरच्या पाण्यात निम्मे मिसळणे हा चांगला उपाय आहे. त्याच यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र टाकीत अजिबात घालू नये. नासाडी नको म्हणून पुष्कळ जण ते वापरतात, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. लादी पुसायला ते ठीक आहे.

आता पाने. वनस्पतीच्या आत काही अन्नद्रव्ये हलू शकतात, काही हलू शकत नाहीत. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून बिघाड आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. लोह, कॅल्शियम, मँगनीज आणि बोरॉन एकदा पानात बसले की तिथून निघत नाहीत. त्यांची तूट शेंड्याला दिसते. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर अर्धे निदान लांबून बघूनच होते.

जुने पान सगळेच्या सगळे फिकट पिवळे पडून गळते आणि वाढ खुंटते, तेव्हा नायट्रोजन कमी असतो. उजनीचे पाणी आणि चार-सहा मासे असलेल्या टाकीत असे क्वचित होते; मासे नसलेल्या, झाडांनी गच्च भरलेल्या टाकीत होते. जुन्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात, त्यांची कडा पिवळी होते आणि मध्यभाग गळून भोक राहते, तेव्हा पोटॅशियमची तूट असते. या भोकांचा आळ नेहमी गोगलगाईवर येतो. टाकीत आपोआप येणाऱ्या लहान गोगलगाई सहसा कुजके पान खातात, धडधाकट पानाला तोंड लावत नाहीत. भोक आधी पडते, गोगलगाय मागून तिथे पोचते आणि रंगेहाथ सापडते.

कोवळे पान पिवळे पण शिरा हिरव्या, हे लोहाच्या तुटीचे चिन्ह सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो याच जातीचा. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. जड पाण्याच्या टाकीतही हेच घडते: सामू वर असला की विरघळलेले लोह गंजासारखे खाली बसते. म्हणून लोह चिलेटच्या, म्हणजे त्याला विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगाच्या, रूपात द्यावे लागते, आणि त्यातही भेद आहे. ईडीटीए चिलेट साडेसहाच्या आसपासच्या सामूपर्यंत बरे टिकते, डीटीपीए साडेसातपर्यंत. बोअरच्या पाण्यासाठी त्यातल्या त्यात डीटीपीए घ्यावे किंवा मुळांजवळ वाळूत खताची गोळी पुरावी. कोवळी पाने मुडपून वेडीवाकडी येऊ लागली तर कॅल्शियमकडे पाहायचे; पण हे आरओच्या निव्वळ पाण्यावर चालवलेल्या टाक्यांत दिसते, सोलापूरच्या बोअरवर दिसणे अवघड.

मत्स्यटाकीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत जे असते त्यातले बरेचसे कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते. ठिबकमधून सोडायचे १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटर धरावे. ५० लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम सल्फेट टाकले तर पोटॅशियम लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅमने वाढते. पानांना भोके पडत असतील तर आठवड्याला एवढे पुरे. एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटने तेवढ्याच पाण्यात नायट्रेट सुमारे १२ मिलिग्रॅमने चढतो. लोहाचे प्रमाण फार कमी लागते: १२ टक्क्यांचे चिलेट असेल तर एक ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पाण्यात विरघळवून त्यातले २० मिलिलिटर ५० लिटरच्या टाकीला आठवड्यातून एकदा द्यावे. शेताचा हात टाकीला लावला तर मासे जातात. १९:१९:१९ मात्र टाकीत कधीच नको, युरियाही नको. त्यांतल्या नायट्रोजनचा मोठा भाग युरिया व अमोनियाच्या रूपात असतो, आणि अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. खत दिल्यावर जुने पान दुरुस्त होत नाही. ते कापून टाकावे आणि दोन आठवडे फक्त नव्या पानांवर नजर ठेवावी.

पानांच्या काही तक्रारी मुळात तक्रारीच नसतात. नव्या आणलेल्या झाडाची पाने पंधरा दिवसांत पारदर्शक होऊन विरघळतात, कारण रोपवाटिकेत ती हवेत, ओलसर मातीत वाढवलेली असतात. पाण्याखाली झाड दुसऱ्या धाटणीची पाने काढते. क्रिप्टोकोरिन तर नुसती जागा बदलली तरी सगळी पाने टाकते. मुळे घट्ट असतील तर उपटू नये, महिन्याभरात ती पुन्हा फुटते. जावा फर्नच्या पानामागे ओळीने काळपट-तपकिरी उंचवटे येतात, ते बीजाणूंचे पुंजके. पानाच्या टोकाला केसाळ मुळांसकट छोटे रोप लटकू लागते, तेही त्याचेच बाळ. अनुबियास आणि जावा फर्न यांचे जाड आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते, आणि हे दुखणे मात्र खरे असते. खोड दाबल्यावर मऊ लागले, वास आला, तर कुजका भाग कापून उरलेले दगडाला दोऱ्याने बांधावे.

झाडांवर, काचेवर आणि लाकडावर उगवणाऱ्या अनोळखी गोष्टींत शेवाळाचा वाटा सर्वांत मोठा. टाकी लावल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळीकडे तपकिरी भुकटी बसते. बोटाने पुसली की निघते आणि बोटाला तपकिरी डाग ठेवते. ही डायटम, सिलिकेच्या कवचात राहणारे एकपेशीय जीव. बेसाल्टातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असल्याने सोलापुरात ती जास्त दिसली तर नवल नाही. टाकी मुरली की बहुधा आपोआप ओसरते. काचेवरचे गोल, घट्ट, फक्त ब्लेडने निघणारे हिरवे ठिपके हे हिरवे शेवाळ. अनुबियाससारख्या संथ वाढणाऱ्या जुन्या पानांवरही ते बसते. उजेडाचे तास कमी करणे हाच त्यावरचा पहिला उपाय. लांब, मऊ, हिरवे धागे म्हणजे बहुधा स्पायरोगायरा किंवा तिच्या भावंडांपैकी कोणी. जुन्या टूथब्रशभोवती गुंडाळून ते ओढून काढता येतात. तुटलेला तुकडा पुन्हा वाढतो, म्हणून जेवढे निघतील तेवढे पाण्याबाहेर काढावेत.

काळ्या-करड्या दाढीसारखे झुबके पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडावर येतात. हे दिसते काळे, पण असते लाल शेवाळाच्या गटातले. खात्री करायची तर एक पान कापून स्पिरिटमध्ये बुडवावे: हिरवे द्रव्य विरघळून निघून जाते आणि झुबका लालसर दिसू लागतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वरखाली होणे, साचलेली घाण आणि नव्या झाडासोबत आलेला तुकडा ही त्याची नेहमीची कारणे. पुसून ते जात नाही. ग्रासलेली पाने कापावीत. दगडावर असेल तर फिल्टर दहा मिनिटे बंद करून औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुई काढलेल्या सिरिंजने नेमके झुबक्यावर सोडावे, ४५ लिटरला १० मिलिलिटरच्या आत. दोन-चार दिवसांत ते गुलाबी, मग पांढरे होते आणि मासे व कोळंबी ते खाऊन टाकतात. लिक्विड कार्बन या नावाने मिळणारे द्रव्य याच कामाला वापरतात, पण त्यात ग्लुटारल्डिहाइड असते आणि त्याने वॅलिस्नेरिया विरघळते.

वाळूवर निळसर-हिरवी, चिकट, चादरीसारखी सोलली जाणारी साय आली आणि तिला मातकट कुबट वास असला तर ते शेवाळ नव्हे, नीलहरित जीवाणू. प्रकाशसंश्लेषण करतात म्हणून त्यांना जुन्या पुस्तकांत नीलहरित शेवाळ म्हटलेले आढळते. पाणी जिथे हलत नाही तिथे ते बसतात. नळीने ओढून साय काढावी, एक तृतीयांश पाणी बदलावे, टाकीला चादर गुंडाळून तीन-चार दिवस पूर्ण अंधार द्यावा. या काळात हवेचा पंप बंद करू नये आणि मासे एवढे दिवस उपाशी राहू शकतात. अँटिबायोटिक टाकून ही साय मरते खरी, पण अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जीवाणूही धोक्यात येतात. घरगुती टाकीसाठी हा मार्ग शहाणपणाचा नाही. पाणीच मुगाच्या पाण्यासारखे हिरवे झाले तरी अंधाराचा तोच उपाय लागू पडतो.

शेवाळ खाण्यासाठी म्हणून सकर मासा आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाच सेंटिमीटरचा आणलेला हा मासा फूटभर होतो, मोठेपणी शेवाळ सोडून माशांचे खाणे खातो, नाजूक पाने उपटतो आणि त्याच्या विष्ठेने पाणी आणखी बिघडते. मग तो एखाद्या तलावात सोडला जातो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, अणकुचीदार काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. जलपर्णीही एके काळी शोभेची म्हणूनच देशात आली होती. सोलापूरच्या संभाजी तलावावर, म्हणजे कंबर तलावावर, तिने काय केले ते शहराने पाहिले आहे. छाटलेली झाडे उन्हात वाळवून कुंडीत टाकावीत आणि नको झालेला मासा दुकानात परत द्यावा.

शेवाळाखेरीजचे पाहुणे कमी, पण घाबरवणारे. नव्या लाकडावर पांढरा, चिकट, कापसासारखा थर येतो. लाकडातून झिरपणाऱ्या साखरेवर वाढलेले बुरशी-जीवाणूंचे हे मिश्रण निरुपद्रवी असते आणि काही आठवड्यांत संपते. पानाखाली चिकटलेला, बारीक ठिपक्यांचा पारदर्शक जेलीचा गोळा म्हणजे गोगलगाईची अंडी. काचेवर झटके देत पळणारे पांढरे ठिपके सूक्ष्म कवचधारी असतात. मासे ते आवडीने खातात. वाळूत वळवळणारे केसाएवढे पांढरे किडे सडके खाणारे गांडुळांचे नातलग. ते वर पोहताना दिसू लागले की खाणे जास्त पडते आहे असे समजावे.

दोन पाहुणे मात्र शालेय विज्ञानाच्या पुस्तकातून थेट टाकीत उतरलेले असतात. काचेला एका टोकाने चिकटलेली, दुसऱ्या टोकाला धाग्यांसारखी शुंडके असलेली, अर्धा-एक सेंटिमीटरची काडी म्हणजे हायड्रा. काडीने स्पर्श केला की ती आकसून ठिपक्याएवढी होते. अंगाला लहान काडी फुटलेली दिसली तर ते मुकुलायन. मोठ्या माशांना तिचा उपद्रव नाही, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना आणि कोळंबीच्या बाळांना ती पकडते. त्रिकोणी डोक्याचा, दोन डोळ्यांचे ठिपके असलेला, वळवळ न करता काचेवरून सरकणारा चपटा किडा म्हणजे प्लॅनेरिया. दोघांनाही टाकीत चिरडू नये. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेंब्ली याने हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी वाढतो हे दाखवले, आणि प्लॅनेरियाही त्यात मागे नाही. ड्रॉपरने ओढून काढावेत आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणावे. जंताची औषधे यांच्यावर चालतात, पण त्यांनी गोगलगाईही मरू शकतात.

बऱ्याच दुखण्यांचे मूळ टाकीच्या दिनक्रमात सापडते. दुकानातल्या टाकीचा दिवा शटर उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा तास चालू असतो. झाडांना सहा ते आठ तास पुरतात. उरलेले तास शेवाळाचे. टायमर लावणे हा सर्वांत स्वस्त इलाज. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा माडीवरच्या टाकीचे पाणी ३२ अंश ओलांडते. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर इथल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी, कारण उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात.

नळाला पाणी काही दिवसांआड येण्याची शहराला सवय आहे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे असेल तर ते पाण्याच्या वारी पिंपात भरून, झाकण उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाल्यांचे हायपो, त्याला मारते. गच्चीवरच्या सिंटेक्समधले दुपारचे पाणी थेट ओतू नये. ते इतके तापलेले असते की एका बादलीत मासे बेशुद्ध पडतात.

नवे झाड टाकीत लावण्याआधी फिकट गुलाबी रंगाच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्याने धुवावे. त्याने शेवाळाचे तुकडे आणि हायड्रा बऱ्याच अंशी मरतात. गोगलगाईची अंडी त्यातूनही वाचतात. त्यासाठी झाड उजेडात बादलीत दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून, अंडी फुटली की पिल्ले वेचून काढावी लागतात.